यरीहोची दाट हवा

२२ नोव्हेंबर २०२२, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. यरीहोच्या झऱ्याकाठून मी मँचेस्टरला, सिस्टरना फोन लावला. आधी धाप ऐकू आली, मग हुकूम: "वेळ सांग. मग आकडा."

सिस्टर अशाच होत्या. नगरच्या ख्रिस्ती घरातल्या, मँचेस्टरच्या हॉस्पिटलात तीस वर्षे वॉर्ड सांभाळून निवृत्त झालेल्या. त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहून मी भूविज्ञानात पीएचडी करत होते, म्हणून त्या मला आधीपासूनच 'डॉक्टरीणबाई' म्हणत. "वेळ न लिहिलेली नोंद म्हणजे चावडीवरच्या गप्पा," असे म्हणत त्या माझीही वही तपासत.

बायबलातल्या यरीहोचा, समुद्रसपाटीच्याही खाली वसलेल्या त्या गावाचा भूगोल त्यांनी जिन्यावर बसवला होता. वरचा मजला यरुशलेम, खालून तिसरी पायरी समुद्रसपाटी, आणि त्याच्याही खाली, पायपुसण्यापाशी, यरीहो. प्रमाण मी पडताळले, चुकत नव्हते. फुप्फुसे ताठरू लागल्यावर त्यांनी पलंग खाली हलवला आणि ओरडून बजावले, "ए यरुशलेमकरीण, पाय आपटू नकोस! आम्ही यरीहोकर झोपलोय."

यरीहोइतक्या खोलवर हवा दाट असते, श्वासागणिक प्राणवायू अधिक मिळतो, हे मीच त्यांना सांगून बसले. त्याच आठवड्यात त्यांनी तिकडचे तिकीट काढले. छातीच्या डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नकार दिला. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तू मृत समुद्राकाठी गाळाचे नमुने आणायला चाललीयस ना? तशीच पुढं जा. माझ्या वाटणीचं बघून ये."

बघितले. जुने यरीहो म्हणून दाखवतात ती टेकडी, खरे तर टेकडी नव्हेच. वस्तीवर वस्ती रचत माणसांनी उंच केलेला ढिगारा. त्याच्या पोटात उघडा पडलेला दगडी बुरूज, तिथल्या माणसांना मडके भाजता येऊ लागण्याच्याही आधीचा. त्याचे वय मला पाठ होते. समोर उभी राहिल्यावर त्या आकड्याचा काही उपयोग झाला नाही.

"सिस्टर, चार वाजून दहा मिनिटं. हवेचा दाब एक हजार अडतीस मिलिबार."

"लिहिलं. पाणी आहे का गं?"

"वाहतंय. ज्या झऱ्यासाठी पहिली माणसं इथं थांबली, तोच."

"मग बोलू नकोस. फोन तिकडं धर."

धरला. दहाएक मिनिटे पाण्यावर तसाच धरून ठेवला. मग, धाप न लागता, त्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, बोटाला मशीन लावलंय मी. लिही."

त्या सकाळी त्यांच्या रक्तातले प्राणवायूचे प्रमाण चौऱ्याऐंशी टक्के होते. श्वास संथ झाला की आकडा चढतो, हे मला ठाऊक आहे. तरीही मी आधी वेळ लिहिली, मग आकडा.

मी परतण्याआधीच, रविवारी, त्या गेल्या. त्यांनी सांगितलेली शेवटची नोंद माझ्या वहीत आहे: दुपारी चार वाजून एकवीस मिनिटे, ८९.