कानमिस्त्री आणि तिसरा गिअर

आमच्या कानमिस्त्रींना गाडीचं तोंड बघायची सवय नव्हती. गाडी आली की ते सरळ तिच्याखाली शिरत, काठीचं एक टोक गिअरबॉक्सला टेकवत, दुसरं कानाला लावत आणि डोळे मिटून पडून राहत. रामनगरात त्यांचं खरं नाव कुणी घेतच नसे. "गाडी खोटं बोलत न्हाई, डायवर बोलतोय," असं ते म्हणत, आणि म्हणताना बघत माझ्याकडे.

मी तेव्हा लढाईतून उरलेला, डिस्पोजलमध्ये घेतलेला एक अमेरिकन ट्रक चालवत होतो. स्टिअरिंग डावीकडे. सुप्याच्या जंगलात लाकूड भरायचं आणि उतार उतरायचा. त्या ट्रकला एक खोड लागली. भर उतारावर तिसरा गिअर आपोआप सुटून न्यूट्रलला यायचा. आमचे ठेकेदार म्हणाले, "अमेरिकेत म्हनं गिअर आपसूक बदलत्यात. आपलीबी त्यातलीच!" त्यांचं काय जात होतं! मागे सागाचे ओंडके आणि पुढे वळण असताना गाडी मोकळी सुटली की मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरायचो.

मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवला. आत गिअर धरून ठेवणारा चिमटा झिजला होता, तो बदलला. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा उतरवला. मिस्त्रींचा कान गेला, असं बाजारात बोललं जाऊ लागलं. तिसऱ्या खेपेला ते काठी न घेताच माझ्या शेजारी येऊन बसले आणि दोन मैल नुसता माझा उजवा हात बघत राहिले. मग म्हणाले, "गिअर सुटत न्हाई रं. तू दांड्यावर हात टेकून बसतोस. समदा भार चिमट्यावर. झिजंल न्हाईतर काय हुईल?"

खरं होतं. "मालकांना सांगू नका, मिस्त्री," मी म्हणालो. माझ्या आधीच्या ड्रायव्हरला ठेकेदारांनी याहून लहान चुकीसाठी काढलं होतं. मिस्त्री हसले. "न्हाई सांगत. माझं नाव गेलं तरी चालंल, तुझी भाकरी जायाला नगं." मला हा माणूस फार आवडायचा. तरीही मी ते होऊ दिलं.

मिस्त्री काम हुबळीत शिकले होते, त्यामुळे त्यांचे गिअर कानडीत. 'मेले' म्हणजे वरचा, 'केळगे' म्हणजे खालचा. ते "मेले! मेले!" असं ओरडू लागले की खानापूरकडचे नवे हमाल दचकून विचारत, "कोन मेलं?" मिस्त्रींना याची भारी मजा वाटे.

त्यांचा एक नियम होता. गिअरबॉक्स ज्यानं उघडला, त्यानंच भरल्या गाडीचा पहिला उतार उतरायचा. म्हणून बॉक्स तिसऱ्यांदा उघडून चिमटा बदलल्यावर ते स्वतःच ट्रक घेऊन वर गेले आणि मी खाली नाक्यावर थांबलो. दुपारी हल्याळकडचा कानडी राखणदार वरून उतरत आला. "मिस्त्री मेले" एवढंच म्हणाला.

कानडी माणसाचं 'मेले', म्हणजे मिस्त्री अजून वरच आहेत, गाडी भरायची राहिली असेल. मी हॉटेलातून बाटलीत चहा घेतला, गरम भजी बांधून घेतली आणि शीळ घालत चढ चढू लागलो. राखणदार माझ्याकडे बघतच राहिला.

वर हमाल टोप्या काढून बसले होते. मिस्त्री ड्रायव्हरच्याच जागेवर, मान खाली. गाडी भरत असताना छातीत कळ आली आणि संपलं, असं एकानं सांगितलं. तेव्हा मला 'मेले' कोणत्या भाषेतलं ते कळलं. काय वाटलं म्हणाल, तर काहीच नाही. भजीच्या पुडीनं हात भाजतोय, एवढं कळत होतं.

गाडी खाली आणणारा मीच होतो. त्यांना शेजारी बसवलं. सरळ रस्त्यावर माझा उजवा हात त्यांच्या छातीवर, वळणावर स्टिअरिंगवर. दांड्यावर टेकवायला हात उरलाच नाही. तिसरा गिअर खालपर्यंत एकदाही सुटला नाही.

नाक्यावर ठेकेदार उभे होते. त्यांनी मिस्त्रींच्या पायांना हात लावला, डोळे पुसले. म्हणाले, "देवमानूस. पन शेवटाला त्येचा हात पैल्यासारखा ऱ्हायला न्हवता. एकच बॉक्स तीनदा उघडला. व्हय का न्हाई?"

"व्हय," मी म्हणालो.