पोर्ट बदलून बघा

त्या दसऱ्याला माझी नोकरी वाचवली ती आमच्या हॉटेलात भाकरी थापणाऱ्या मावशींनी. हे सगळ्यात आधी लिहितो, कारण पुढची हकिकत सांगायला लागलो की मलाच हसू येतं, आणि त्या हसण्यात मावशी राहून जातात.

हॉटेल मिरजगावजवळ, हमरस्त्याला लागून. मी गोंदियाकडचा. आठवीत शाळा सोडली आणि मिळेल ते काम करत करत इथवर आलो. इतक्या लांब की फोनवर आईचा पहिला प्रश्न अजून तोच असतो, "तिकडे भात मिळते का रे?" जाणारा कोणी भेटला की ती त्याच्या हाती घरचे तांदूळ पाठवते.

मालकांनी पुण्याच्या एका बंद पडलेल्या गेम झोनमधून विमानाचं मशीन आणलं होतं. एक खुर्ची, एक दांडा, एक कॉम्प्युटर आणि डोक्याला बांधायचा डब्यासारखा चष्मा. चष्मा घातला की माणूस थेट विमानात. हॉटेलशेजारच्या खोलीवर बोर्ड लागला, 'मिरजगावात बसून विमान चालवा'. मशीन सांभाळायला मला ठेवलं. मला कॉम्प्युटर येतो असं मी म्हणालो नव्हतो. येत नाही असंही म्हणालो नव्हतो.

उद्घाटन दसऱ्याला सकाळी दहाला, आणि पहिलं उड्डाण मालकांच्या सासऱ्यांचं. सगळे त्यांना मामा म्हणत. जावयानं लहान पोराचं खेळणं आणलंय, असं त्यांनी चार माणसांत बोलून दाखवलं होतं. ते मालकांना लागलं होतं. मला म्हणाले, "उद्या मामा उडाले तर तू हाय. न्हाई उडाले तर मशीन पुण्याला आन् तू गोंदियाला."

आदल्या दिवशी खंडेनवमी. मिक्सर, शेगडी, कोयते आणि तो चष्मा, सगळं एका पाटावर मांडून पूजा केली. मालक म्हणाले, अक्षता आण. किचनला कुलूप होतं, म्हणून मी माझ्या पेटीतल्या आईच्या तांदळातले मूठभर घेतले, कुंकू लावलं आणि दिले. मालकांनी चष्म्यावर भरभरून टाकले.

दसऱ्याला सात वाजता मशीन चालू केलं. कॉम्प्युटरवर विमान उभं, पंखा फिरतोय, आवाज येतोय. चष्म्यात मात्र काळोख आणि कॉम्प्युटरवर कोपऱ्यात इंग्रजीत एक ओळ. अक्षर अक्षर लावून वाचली. केबल नाही, असं ती म्हणत होती. केबल माझ्या हातात होती.

बंद करून चालू केलं. चालू करून बंद केलं. अगरबत्ती लावली. शेवटी मशीन विकणाऱ्यानं दिलेल्या नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस फार नम्र होता. म्हणाला, "सर, पोर्ट बदलून बघा."

आता पोर्ट म्हणजे एअरपोर्ट, एवढं मला माहीत होतं. विमान कुठून उडवायचं त्याची लांबलचक यादीच मशीनमध्ये होती. विमान पुण्याला उभं होतं, ते मी मुंबईला नेलं. काही नाही. गोव्याला नेलं. नागपूरला नेलं. फोनवर सांगितलं, "सर, नागपूरला लावून पाहिलं, तरी होत नाही."

"नागपूरला? तुम्ही नेमके आहात कुठे?"

"मिरजगावला."

मग म्हणाला, "सर, जवळचं पोर्ट बघा ना, चष्म्याजवळचं," आणि फोन कटला. जवळचं म्हणजे काय ते कळेना. घाबरलेल्या माणसाला जवळचं म्हणजे घरच आठवतं. यादीत गोंदिया सापडलं. विमान तिथं नेऊन ठेवलं.

तेवढ्यात मामा आले. कडक फेटा, मागं दहा-बारा माणसं. खुर्चीत बसले.

"फेटा काढा, मामा," मालक म्हणाले.

"फेटा न्हाई निघायचा. वरनंच बसव."

मी चष्मा फेट्यावरून बसवला. देवाचं नाव घेतलं.

"अंधार हाय," मामा म्हणाले. "रातचं इमान हाय का?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत गोंदियाचं तिकीट होतं. तोंडानं म्हणाले, "ढगात हाय, मामा. निघंल आता."

मामांनी दांडा दोन्ही हातांनी आवळला. "चढतंय," म्हणाले. "पोटात खड्डा पडला." विमान जागचं हललंही नव्हतं. दारातला एक जण म्हणाला, "पूजेआधी चालत हुतं म्हणं. देवालाच पसंत नसंल." मी केबल काढत होतो, लावत होतो.

मावशी चहा घेऊन आत आल्या. मला हळूच म्हणाल्या, "काय झालं रं लेकरा?"

"पोर्ट, मावशी. पोर्ट सापडत नाही."

"वायर कुठं जाती?"

मी चष्म्याचं, मामांच्या कानाजवळचं भोक दाखवलं. मावशींनी ट्रे खाली ठेवला, वाकून त्यात पाहिलं, तांदळात खडा शोधावा तसं डोळे बारीक करून. मग बांगडीला अडकवलेली पिन काढली.

"कोण हाय कानापाशी?" मामा म्हणाले.

"मी हाय, भाकरीवाली. हलू नका, न्हाईतर कान टोचंल."

"इमानात भाकरी बी देत्यात?"

"खाली उतरल्याव देते. गप बसा."

पिनेच्या टोकावर काहीतरी आलं. लाल, बारीक. मी ओळखलं. कुंकू लागलेली तांदळाची कणी. अक्षतेचा दाणा अख्खा लागतो, आणि मी पिशवीच्या तळाचे, न निवडताच दिले होते. अख्खा दाणा त्या भोकात गेलाच नसता.

मावशींनीही ओळखलं असावं. आमच्याकडचा दाणा इथल्यासारखा नसतो, आणि माझ्या पेटीतला भात त्यांनी अनेकदा खाल्ला होता.

"काय निघालं?" मालकांनी विचारलं.

मावशींनी कणी चिमटीत घेतली आणि सरळ तोंडात टाकली. "कचरा हुता," म्हणाल्या.

मी केबल लावली. खट्ट आवाज झाला. असा आवाज सकाळपासून एकदाही झाला नव्हता, हे तेव्हा कुठं कळलं.

"आयला!" मामा ओरडले. "ढग फाटलं!"

मी बटण दाबलं, विमान खरोखर निघालं. पडद्यावर खाली तळीच तळी, मध्ये भाताची हिरवी बांधी. मी पाच वर्षांत घर पाहिलं नव्हतं. आता ते मामांच्या चष्म्यात होतं, वाकडं तिकडं होत, कारण मामा दांडा नांगरासारखा धरत होते.

"लई पाणी हाय," मामा म्हणाले. "हे आपल्याकडचं न्हाई. कुठलं हाय?"

"माझ्याकडचं, मामा," मी म्हणालो.

"बरं हाय की. मग हितं कशाला आलास?"

सगळे हसले. मालक सगळ्यात मोठ्यानं. मामा तीन वेळा आपटले, चौथ्यांदा परत बसले, आणि जाताना जावयाच्या पाठीवर थाप मारून गेले. मालकांनी माझ्यापुढे गोंदियाचं नाव पुन्हा काढलं नाही.

संध्याकाळी सोनं द्यायला मी मावशींच्या पाया पडलो. म्हटलं, तुम्ही सांगितलं असतं तर मी आज गाडीत असतो. त्या म्हणाल्या, "तांदूळ ग्वाड हुता. पर निवडून घेत जा." त्यांनी तो चष्मा आजवर घातलेला नाही. अंबाडा दबतो म्हणतात.

म्हणून त्यांना मी चष्म्यातून दाखवणार नाही. एक दिवस खरोखर गोंदियाला नेईन. आईच्या ओसरीत बसवीन आणि समोर भात वाढीन, एकेक दाणा मी स्वतः निवडलेला, अख्खा.