कापसाच्या खोलीतलं लिनक्स

ज्या वर्षी आमच्या घरात माणसांपेक्षा कापसाला जास्त जागा होती, त्या वर्षी मी कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायला घेतलं.

आमचं गाव बोरी अरब. त्या काळात यवतमाळ जिल्ह्याचं नाव पेपरात सारखं यायचं, आणि चांगल्या कारणाने कधीच यायचं नाही. कापसाला भाव नव्हता. विकावा तर जीव तुटायचा, ठेवावा तर घर पुरायचं नाही. बाबांनी ठेवायचं ठरवलं. आधी समोरची खोली भरली, मग मधली. शेवटी कापूस माझ्या अभ्यासाच्या खोलीत शिरला आणि खिडकीपर्यंत चढला. कॉम्प्युटरचं टेबल तेवढं कोपऱ्यात उरलं. तिथे पोचायचं तर कापसात गुडघे बुडवत जावं लागे, आणि येताना अंगभर खाज घेऊन यावं लागे. मी तक्रार केली.

"त्याले काहून हटवायचं?" बाबा म्हणाले. "तो काही बोलते का तुले?"

मी गावातून रोज ये-जा करत यवतमाळला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. सरांचा दंडक होता, की प्रोजेक्ट लिनक्सवरच चालला पाहिजे. ते फुकट मिळतं, आणि विंडोजच्या चोरीच्या सीड्या कॉलेजात आणायच्या नाहीत. पण आमच्या घरी या प्रोजेक्टला वेगळंच महत्त्व आलं होतं. उमरखेडच्या मामांनी माझ्यासाठी एक स्थळ हेरून ठेवलं होतं, आणि मला नोकरी करायची होती. बाबांनी तोड काढली. प्रोजेक्ट नीट झाला तर पोरगी पुण्याला नोकरी शोधेल, नाही झाला तर होळीनंतर पाहुणे बोलवायचे. मुलगा फार चांगला होता म्हणे. (तीच तर भीती होती!)

लिनक्स बसलं. मग कंपायलर टाकला. आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल असा करून देणं, एवढंच त्याचं काम. माझा प्रोग्राम घेऊन तो ऐटीत निघायचा आणि अर्ध्या वाटेत बसकण मारायचा. बरं, एका जागी बसेल तर शपथ! काल ज्या ओळीवर अडला ती आज बिनबोभाट पास, आणि भलतीच ओळ नापास. कधी कधी तर अख्खं मशीनच बंद पडायचं. लाइट गेली म्हणावं, तर डोक्यावरचा बल्ब चालू. मी नवा कंपायलर काढून जुना टाकला. जुना काढून आणखी जुना टाकला. शेवटी लिनक्सच पुसून पुन्हा पहिल्यापासून बसवलं. दोष सॉफ्टवेअरचाच आहे याबद्दल मला शंका नव्हती, कारण मी सॉफ्टवेअरच शिकले होते.

आईने दारात उभं राहून हे सगळं पाहिलं आणि एका शब्दात निदान केलं. दृष्ट.

गल्लीत कॉम्प्युटर फक्त आमच्याकडे, येणारी-जाणारी प्रत्येक बाई डोकावून जाते, मग दुसरं काय होणार? तिने मशीन बंद करायला लावलं, मीठ-मोहरी-मिरच्या त्याच्यावरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका कोणालाच लागला नाही, म्हणजे दृष्ट जबर होती. वर, दृष्ट काढल्यावर लगेच हात लावायचा नसतो म्हणून मला चहा प्यायला बसवलं. चहा झाला, मी मशीन सुरू केलं, आणि कंपायलर आजवर गेला नव्हता तिथपर्यंत गेला. शेवटपर्यंत नाही, पण गेला.

मी शास्त्राची विद्यार्थिनी. एका पुराव्यावर विश्वास ठेवणार नव्हते. दुसऱ्या दिवशी लागोपाठ दोनदा चालवून पाहिलं, दुसऱ्यांदा लगेच बंद पडलं. मग दृष्ट काढली, चहा घेतला, पुन्हा चालवलं तर बराच लांब गेलं. यापेक्षा पक्का प्रयोग कॉलेजच्या प्रयोगशाळेतही होत नाही. त्या दिवसापासून मी कंपायलरला काम द्यायच्या आधी आईला हाक मारू लागले. घरातल्या मिरच्या संपत आल्या.

तरी एकदा दारव्ह्याच्या कॅफेत जाऊन इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या मंडळात प्रश्न टाकला. कुठल्या तरी परदेशातल्या माणसाने सभ्यपणे उत्तर दिलं, की कॉम्प्युटरचा डबा उघडा आणि आतली धूळ साफ करा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या घरात धूळ? मी सणसणीत इंग्रजीत कळवलं, की माझी आई सकाळ-संध्याकाळ घर झाडते. तुमच्याकडे कोण झाडतं?

प्रोजेक्ट दाखवायच्या आदल्या दिवशी मामा उमरखेडहून येऊन बसले. मार्चचं ऊन, भर दुपार. मामांना, आणि बाबांनाही, ते डबडं चालताना पाहायचं होतं. त्यांच्यासमोर दृष्ट काढून घ्यायची मला लाज वाटली. उद्याची इंजिनिअर ना मी! आईला खुणेनेच नको म्हटलं आणि कंपायलर सुरू केला. तो अडला. पुन्हा सुरू केला. पुन्हा अडला. मामांच्या चेहऱ्यावर पाहुण्यांची गाडी दिसायला लागली. मी तिसऱ्यांदा सुरू केला, आणि मामांनी नाक वर करून वास घेतला.

"बाई, मिरच्या जाळल्या का वं तू?" त्यांनी आईला विचारलं.

"मी तं आज काहीच जाळलं नाही," आई म्हणाली.

मग चौघांची नजर एकदमच त्या कापसाकडे गेली. वर्षभराचं पीक, खिडकीपर्यंत, आणि खोलीत जळका वास.

बाबांना मी आयुष्यात पळताना पाहिलं नव्हतं. त्यांनी वायर उपटली, डबा छातीशी धरला आणि कापूस तुडवत अंगणात धावले. मामांनी रांजणाजवळची बादली उचलली आणि नेम धरून भिरकावली. डब्यावर थेंब उडाला नाही. बाबा मात्र नखशिखांत भिजले.

मी स्क्रू काढले. झाकण उघडलं. आत कापूस होता. पंख्याला गुंडाळलेला, जाळीत ठासलेला, कानाकोपऱ्यात भरलेला. पंखा जागचा हलूच शकत नव्हता. मी मूठ-मूठ बाहेर काढत गेले, तरी तो संपेना. म्हणजे मशीन तापून बंद पडत होतं, आणि दृष्ट काढून चहा होईपर्यंत निवत होतं! मला रडू आलं, आणि हसूही.

बाबांनी, तसेच ओलेचिंब, त्यातला एक पुंजका उचलला. सवयीने दोन बोटांत धरून ताणला.

"धागा चांगला हाये," म्हणाले, आणि काळा पडलेला भाग तोडून बाकीचा ढिगावर टाकून आले.

मग अंगणात कडुनिंबाखाली टेबल मांडलं आणि घरातून लांब वायर ओढली. मी कंपायलर सुरू केला आणि पंख्याकडे बघत राहिले. तो फिरत होता. प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एका दमात पार झाला. मामांनी वाकून फिरता पंखा पाहिला. मग म्हणाले, "पाहुण्यायले सांगतो, पोट्टी पुण्याले चालली."

कॉलेजात सरांनी विचारलं, सर्वांत मोठी अडचण कोणती आली? मी गंभीरपणे सांगितलं, "कंपायलरची आवृत्ती." नोकरी लागली. पुण्याला निघताना आईने माझ्या पिशवीत मीठ-मोहरी-मिरच्यांची पुरचुंडी टाकली. मी डबा उघडून दाखवला होता, तरी तिचं मत बदललं नव्हतं. एवढा कापूस नेमका पंख्यातच काहून गेला, हे तिला कोणी सांगू शकलं नव्हतं.

आता इतकी वर्षं याच धंद्यात आहे. मशीन अडलं, की हाताखालच्या लोकांना ठणकावून सांगते, आधी पंखा पाहा. पंखा स्वच्छ निघाला, की सगळ्यांना चहाला पाठवते, दार लोटून घेते आणि ड्रॉवरमधून पुरचुंडी काढते.