ऑनलाइन दिसते, म्हणजे बरी आहे

तुम्ही दोघं नातवंडं एवढ्या लांब परदेशात शिकायला गेलात, तेव्हापासून सकाळी उठले की मी आधी फोनवर तुम्ही शेवटचे कधी दिसलात ते पाहते. दिसलात की चहा टाकते. आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या मुलीची आईही तेच करायची. मुलगी इथे नाशकात फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आईवडील घोटीला भातशेती करतात.

त्या रविवारी ऊन पायरीवर आलं, तरी तिची दुधाची पिशवी दाराला तशीच लटकत होती. एरवी ती उठल्याबरोबर माझ्या फ्रीजमध्ये आणून ठेवते. मी दार वाजवलं. आतून कडी होती. फोन लावला, तर तो आतच वाजला आणि वाजून बंद झाला. पुन्हा तेच. आठवडाभर मी दिलेला डबा अर्धा परत येत होता. डोळे असे का, म्हणून विचारलं, तर "काही नाही आजी, सबमिशन आहे" म्हणाली होती.

मी तिच्या आईला फोन केला.

"घाबरू नका, काकू," ती म्हणाली. "पहाटं मी उठले तवा ऑनलाइन होती ना. बरी हाय ती."

"पहाटे जागी होती, एवढंच त्यावरून कळतं."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "दार फोडा, काकू. मी निघतेच."

शेजारचे गृहस्थ पहार घेऊन आले. "सागवानी दार आहे, वाया जाईल," म्हणाले. जाऊ दे, म्हटलं. दुसऱ्या दणक्याला आतून कडी निघाली. ती उभी होती, गालावर उशीचे वळ.

"झोप लागली होती, आजी," ती म्हणाली. "किती दिवसांनी लागली."

"पोरी, माझी पहार वाकली असती की," शेजारी पुटपुटले आणि पहार खांद्यावर टाकून गेले. मी मात्र तिच्या कॉटवर बसले.

ती हळूहळू बोलली. डोळे मिटले की छातीत धडधडतं. म्हणून ती फोन उघडते. त्यात कुणाला नोकरी लागली, कुणाचे फोटो. ते पाहून आणखी धडधडतं.

"मग बंद का नाही करत?"

"आई बघते ना. मी दिसले नाही तर ती घाबरेल."

मी सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का. "तसं नाही," ती म्हणाली, आणि मग, "कधी कधी वाटतं, सकाळ होऊच नये."

दुपारी आई जीपने आली. रागावली नाही. मुलीच्या शेजारी आडवी झाली आणि म्हणाली, "उद्यापासून ऑनलाइन नाय दिसलीस तरी चालंल. सकाळी हाक मार फोनवर." थोड्या वेळाने मुलीने विचारलं, "आजी, कडी नको ना लावू?" मी नको म्हटलं. ती तशीच झोपली.

आता डॉक्टरांकडे जाणं सुरू आहे. दार नुसतं लोटलेलं असतं. तरी मी जाता-येता तिथे थांबते, आत श्वास ऐकू येईपर्यंत.

काल सकाळी, धाकट्या, तू ऑनलाइन दिसलास. तिकडे मध्यरात्र कधीच उलटली होती. मी चहा टाकला नाही, फोन लावला.