फीलिंग ब्लू

चाळिशीत मी बालाघाटला इंग्रजीच्या क्लासला जाऊ लागले. एकदा मॅडमनी ‘फीलिंग ब्लू’ वापरून वाक्य लिहायला सांगितलं. मी लिहिलं, लेक झाली त्या दिवशी मला असंच वाटत होतं. मॅडमनी ते वाचून दाखवलं आणि पोरी हसल्या.

“याचा अर्थ उदास वाटणं,” मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं, “आमच्या वस्तीत जयंतीले सगळे निळे कपडे घालून नाचतात. मले वाटलं, आनंदच असंन.”

मॅडमनी तरी माझं वाक्य खोडलं.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, “त्यायचं शिकून घे. आपलंही त्यायले सांगत जाय.”

मी तो अर्थ पाठ केला. परीक्षेत ‘उदास’ लिहिताना मात्र पेन क्षणभर थांबलं.