इंजिनवाली बाई जगली का

ये वं पोरी, इकडे ये जराशी. पुण्याहून येणं तुझ्यानं होत नाही, ते ठाऊक आहे मला. वाचता वाचता जवळ बसता येते तेवढी तरी बस. आणि आधी एक सांग, फोनवर ते हसरं तोंड तू काहून टाकलं? डोळ्यांतून पाणी काढून हसणारं ते पिवळं तोंड, माझ्या बोलण्याखाली? बाकीच्यांनी टाकलं त्याचं मला काही नाही, ते कुठले कोण. तू तर माझ्या मांडीवर बसून ती मालिका पाहिली होतीस.

दुसरं कोणी हे वाचत असेल तर त्याच्यासाठी सांगते. ही माझी पुतणी, धाकट्या जावेची एकुलती एक पोरगी. मला मोठी माय म्हणते. आंधळगावच्या अलीकडे आमचं गाव, आणि आम्हा दोघी जावांची घरं एकाच अंगणात. मधात एक भिंत, तीही एकेरी विटेची. त्या भिंतीचं पुढे येईलच.

मालिका होती आकाशातल्या जहाजाची. परदेशातली, पण आपल्या टीव्हीवर हिंदी बोलायची. दर रविवारी सकाळी लागायची आणि टीव्ही तेव्हा आमच्याच घरी होता. एक मोठं जहाज, त्यात माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहणारी, बी-बियाणं घेऊन कुठल्याशा दूरच्या जमिनीवर निघालेली. एक कप्तान होता, आणि खाली इंजिन सांभाळणारी एक बाई. हातभर काळं ग्रीस, केस बांधलेले, कोणाला न भिणारी. तुझी आई तिला "आपली बाई" म्हणायची. दर भागात काहीतरी संकट यायचं, आणि शेवटी सगळे एका लांब टेबलाशी जेवायला बसायचे. बसण्याआधी कप्तान विचारायचा, "सब आ गए?" आणि इंजिनवाली हात पुसत म्हणायची, "आ गए, साब." त्याशिवाय कोणी घास उचलायचा नाही. तू पाटावर बसून तेच म्हणायचीस, आठवते का? तुझा बाप हसून हसून बेजार व्हायचा.

लाईन तर हटकून ऐन वेळी जायची. जहाजाला आग लागली की इकडे आमचा पंखा बंद. मग काय करायचं? तर तू आमच्या दोघींच्या मधात बसायचीस आणि पुढची गोष्ट आम्ही करायचो. मी माझी सांगायची, तुझी आई तिची. माझ्या गोष्टीत सगळे वाचायचे. तुझी आई एखाद्याला मारून टाकायची. तू रडायचीस, मग ती त्याला परत जिवंत करायची. लाईन येईपर्यंत आमची दोन जहाजं तयार. खरं काय झालं ते कितीकदा आम्हाला कळलंच नाही, आणि आमचं काही अडलंही नाही.

मालिका संपली. तू शिकायला गेलीस, नोकरीला लागलीस. भाऊजी, तुझा बाप, वारले. मागच्या पोळ्याच्या आगेमागे तू तुझ्या आईला तो भिंतीएवढा टीव्ही पाठवला, आणि फोनवर म्हणालीस, "आई, आपलं जहाज परत आलं. नवीन मालिका. मोठ्या मायला पण बोलाव." शुक्रवारी संध्याकाळी नवा भाग यायचा. मी भाकरी लवकर टाकून पलीकडे जायची. किती हौसेनं गेले मी, काय सांगू.

आणि काय पाहिलं? अंधार. सगळ्या जहाजात अंधार. माणसाचं तोंड दिसत नाही आणि जो तो दुसऱ्यावर ओरडून राहिला. कप्तान मेलेला. त्याची पोरगी नवी कप्तान, तिला हसू म्हणून माहीत नाही. आणि आपली इंजिनवाली? म्हातारी करून टाकली. हात थरथरतात. इंजिन आता आपोआप चालते म्हणे, म्हणून तिला खालच्या मजल्यावर, सामानाच्या खोलीत ठेवलेली. पोती, डबे, आणि मधात तिचा पलंग. वरून कोणी खाली येत नाही. जेवणाचं टेबल तर दाखवलंच नाही. मी तिसऱ्या-चौथ्या भागापर्यंत वाट पाहिली, म्हटलं आता तरी बसतील.

मी म्हणायची, बिघडवली. तुझी आई म्हणायची, सुधरवली. पहिल्यांदा आमचं गमतीनंच चालायचं. भाजी निवडता निवडता मी म्हणायची, "तुह्या कप्तानीनं आज जेवलं का वं?" ती म्हणायची, "मोठीबाई, तुमाले जहाज पायजे का खानावळ?" अंगणात अशी हसाहस.

मग मंडई आली. तू आली नाहीस. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे आमच्याकडची जत्रा, रात्री नाटक, घराघरात पाहुणे, सगळ्यांच्या लेकी आलेल्या. आसगावहून नणंदबाई आल्या, त्यांचा मुलगा आला. हा भाचा पण त्याच मालिकेचा वेडा. त्यांचा फोनवर मोठा गट आहे, तू पण आहेस त्यात. देशभरातले लोक, आणि रात्रंदिवस एकच भांडण, जुनी चांगली की नवी. दुपारी पाटोड्यांची रस्साभाजी झाली, आम्ही सगळे ओसरीत बसलो, आणि भाचा म्हणाला, "मामी, तुमी दोघी बोला. मी गटावर टाकतो. मोठी मामी जुनीच्या बाजूनं, लहानी मामी नवीच्या."

मला काय, मी बोलले. "ज्या जहाजात कोनी जेवत नाही, कोनी कोनाले सगळे आले का म्हनून विचारत नाही, ते जहाज कायले म्हनावं? भुताचा वाडा म्हना."

भाच्यानं टाकलं. तुझी आई सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही विचारत कोनी. म्हनूनच खरी आहे ते. जुनी लेकराईसाठी होती."

तेही त्यानं टाकलं. थोड्या वेळात तिच्या बोलण्याखाली लाल बदामांची रांग लागली. कोणी लिहिलं, काकींनी रडवलं. माझ्या खाली पिवळी तोंडं. भाचा एकेक नाव वाचून दाखवत होता, आणि त्यात तुझं नाव आलं. "हे पा, मोठ्या मामी, ताई पन हसून राहिली."

मला लागलं ते तिथं. मी म्हटलं, "ज्यानं ते मालिका बनवली, त्याले मायबाप नसतीन. म्हातारीले पोत्यात नेऊन कोन ठेवते?"

तुझ्या आईनं अडकित्ता खाली ठेवला. पाहुण्यांसमोर म्हणाली, "काहून मोठीबाई, तुमची खाट धानाच्या खोलीत नेली, तवा तुमाले कोनी विचारलं का? तुमाले मालिका खराब नाही वाटत. तुमाले आरसा वाटते ते."

माझी सून चहा घेऊन दारात उभी. मुलगा मान खाली घालून. ती खाट मीच नेली आहे, पोरी. त्या खोलीत हवा येते म्हणून. मी सगळ्यांना हेच सांगते, आणि तिला ते ठाऊक आहे.

मग मी बोलले. "माही खाट घरात तरी आहे. तुह्या पोरीनं तं टीव्ही पाठवून हात धुतले."

एवढंच. भाच्यानं हे मात्र गटावर टाकलं नाही. तुझी आई उठून पलीकडे गेली आणि कडी लावल्याचा आवाज आला. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आता त्या मालिकेचं तोंड पाहणार नाही." म्हटलं ते म्हटलं. आणि तुझ्याबद्दल जे बोलले ते खोटं होतं असंही मला अजून वाटत नाही. वाटलं असतं तर हे सारं तुला कायले लिहिलं असतं?

आता भिंत. धानाच्या खोलीची ती भिंत, पलीकडे तुझ्या आईचा टीव्ही. शुक्रवार आला की पोत्यांच्या मधून जहाज बोलायला लागायचं. मी काही कान लावला नाही. खाट तिथंच होती, मी कुठं जाणार? आणि तुझी आई, जिला टीव्ही नुसता कुजबुजला तरी ऐकू येतो, ती आवाज असा वाढवायची की गोठ्यातली म्हैस कान हलवायची. मला चिडवायला, दुसरं काय! सून विचारायची, "आई, दार लावू का?" मी म्हणायची, राहू दे, गरम होते. थंडीच्या दिवसांत.

अशी मी ती सगळी मालिका ऐकली. न पाहता. नव्या कप्तानीचा आवाज मला पाठ झाला. आणि सांगू? अंधार दिसत नव्हता म्हणून असेल, पण ऐकायला तेवढी वाईट नव्हती. हे तुझ्या आईला सांगायचं नाही.

शेवटचा भाग संक्रांतीच्या सुमाराला लागला. जहाजाचं आपोआप चालणारं इंजिन बंद पडलं. वर धावाधाव. कोणाला तरी आठवण आली की खाली एक म्हातारी आहे. कप्तानीन जिना उतरून राहिली, बुटांचा आवाज येऊन राहिला, तिनं दाराला हात घातला, म्हणाली, "काकी?" आणि टीव्हीचा आवाज बंद.

लाईन गेली नव्हती. माझ्या खोलीतला दिवा चालू होता. भिंतीच्या वरच्या फटीतून पलीकडच्या पडद्याचा निळा उजेड हलताना दिसत होता. म्हणजे ती पाहत होती. मुद्दाम आवाज बंद करून पाहत होती. खूप वेळ. मी पोत्याला हात टेकून उभी राहिले, पाय भरून आले. मग उजेड पण गेला.

म्हातारी जगली की गेली, पोरी? मला कोणी सांगितलं नाही. नातवाला सांगितलं तर तो फोनवर लावून देईल, पण मग माझा शब्द काय राहिला? तुझ्या आईनं आवाज काहून बंद केला, त्याचाही मी अजून विचार करते. मला ऐकू नये असं काही होतं म्हणून, की मला तडफडत ठेवायला? तिला पुरतं ठाऊक होतं मी भिंतीशी उभी आहे. जुन्या सवयीनं मी माझा शेवट करून ठेवला आहे. म्हातारी उठते, इंजिन चालू करते आणि वर जाऊन टेबलाशी बसते. तुझ्या आईच्या गोष्टीत ती मेली असणार. पण आता मधात रडायला कोणी नाही, तर ती तिला जिवंत कायले करील?

आमची तोंडं अजून बंदच आहेत. सध्या मोहाची फुलं पडून राहिली आहेत, ती पहाटे तिच्या झाडाखालची वेचते, मी माझ्या. खाली पाहून.

गटावर आता दुसरंच भांडण लागलं म्हणे. भाचा सांगतो, लोक ही मालिका विसरले. तू पण विसरली असशील. पुढची मंडई पाहू म्हणू नकोस, मंडईला तू येत नाहीस ते कळलं आम्हाला. पावसात धानाचे रोवणे लागतात, त्याच्या आधी ये. टीव्ही नको पाठवू, पैसे नको पाठवू. आलीस की आधी आईकडे जा, माझ्याकडे नंतर ये, मी रागावणार नाही. तिच्याजवळ बस आणि शेवटी काय झालं ते विचार. विचारशील ते जरा मोठ्यानं विचार, पोरी. भिंत एकेरी आहे, पण माझे कान आता पहिल्यासारखे नाहीत. लवकर ये.