सकाळचा हात, संध्याकाळचा हात

"निगेटिव्ह म्हंजे नाटकच की, मॅडम!"

वैष्णवीचे वडील जळकोटहून आमच्या ॲलर्जीच्या क्लिनिकमध्ये आले होते. टेस्टमध्ये काही निघालं नाही तर लेकीला घरी न्यायचं, असं ठरवून तिची बॅगही भरून आणलेली. लातूरला होस्टेलवर राहून ती डॉक्टरकीच्या नीट परीक्षेची तयारी करायची. "रोज रातच्याला शिंका, नाक बंद, अभ्यास न्हाई. सोंग करून राहिली!"

मला असा राग आला म्हणून सांगू! क्लास बुडू नये म्हणून पोरीनंच सकाळी सातची अपॉइंटमेंट मागितली होती. सोंग करणारी कशाला सातला येईल?

टेस्ट साधी असते. हातावर संशयित गोष्टींच्या अर्काचे थेंब टाकायचे, सुईनं हलकं टोचायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. मच्छर चावल्यासारखी गांध तीन मिलिमीटर तरी फुगली तर पॉझिटिव्ह. सोबत हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत अंगावर सूज आणणाऱ्या रसायनाचा, एक थेंब असतो. तो कुणाच्याही हातावर फुगतो. टेस्ट नीट चालली का, ते त्यावरून कळतं. वैष्णवीच्या हातावर धुळीतल्या किड्याची गांध जेमतेम दोन होती. पण हिस्टामिनचीही बारकीच. तिथं मला खटकलं. ॲलर्जीची गोळी पोटात असली की गांध दबते.

"गोळी घेतलीस का गं?"

"न्हाई मॅडम. तुम्ही सांगितल्यापासून बंदच हाय."

मी आमच्या सरांना, म्हणजे क्लिनिकच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला.

"सकाळी केलीस ना? अगं, सकाळी कातडी सुस्त असते, संध्याकाळी जास्त फुगते. काठावरचा रिपोर्ट आहे, संध्याकाळी दुसऱ्या हातावर परत कर."

वडिलांना सांगितलं. "दुपारची एस.टी. हाय माझी," ते म्हणाले. मग लेकीकडं बघितलं आणि बॅग खाली ठेवली. "जाऊ द्या. उद्या जातो."

संध्याकाळी तीच गांध पाच मिलिमीटर झाली. वडील वाकून बघत राहिले.

"हा किडा असतोय कुठं?"

"जुन्या गादीत. डोळ्यांना दिसत नाही."

"चुकलो, माय," ते लेकीला म्हणाले. पोरगी तेव्हा कुठं रडली.

बॅग होस्टेलवर परत गेली. गादी-उशीला कव्हर चढलं, नाकाचा स्प्रे सुरू झाला. महिन्याभरात ती रात्री झोपू लागली, अभ्यासालाही बसू लागली.

सरांचे आभार मी मानलेच. पण खरे उपकार त्या बापाचे. त्यानं एस.टी. सोडली नसती, तर माझ्याच रिपोर्टनं ती पोर खोटी ठरली असती.

आता काठावरचा रिपोर्ट दिसला की मी आधी टेस्ट किती वाजता केली ते बघते.